नुसता हसरा चेहरा पुरत नाही

मुलाच्या चिडचिडीचं काय करावं, असं एका पालकाने इथे विचारलंय. त्यावर ‘घरात काही बिनसलं तरी मुलांसमोर चेहरा हसरा ठेवायचा’ हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. मुलांसमोर आदळआपट नको, हे ठीकच. पण आईबाप मनाने तिथे नसले की मुलांना बरोबर कळतं. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात केलेला प्रयोग बघा. आई बाळाशी छान खेळते आणि मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती बघत राहते. ना रागावणं, ना ओरडणं. काही महिन्यांचं बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, चित्कारतं. कशाचाच उपयोग होईना म्हटल्यावर मान फिरवतं, रडकुंडीला येतं. मोठं पोर तेच करतं, फक्त आपण त्याला ‘मुद्दाम त्रास देणं’ म्हणतो.

आणि मुलाला समुपदेशकाकडे न्यावं का, यावर इतकी चर्चा झाली, पण आईच्या उपचारांचं कुणी बोललंच नाही. अमेरिकेत संशोधक मर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावर औषधं घेणाऱ्या आयांची मुलं तपासली (२००६). तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमध्ये मानसिक विकारांच्या निदानाचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी घटलं. बाकीच्यांच्या मुलांत सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं. (बाप मोजलेच नाहीत, नेहमीप्रमाणे!) त्यामुळे ज्यांनी मुलाच्या चिडचिडीबद्दल विचारलंय आणि ओघात ‘मलाही महिनोन्महिने झोप नाही’ असं लिहून टाकलंय, त्यांनी डॉक्टरांची पहिली वेळ स्वतःसाठी घ्यावी.