स्कूबा: अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स डिसेंबरात करू की थांबू?

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते, वय ३८. गेल्या फेब्रुवारीत अंदमानात, स्वराज द्वीपला (जुनं हॅवलॉक) पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर, म्हणजे पहिला कोर्स, केला. नंतर मालवणला तीन डाइव्ह. कोर्सच्या चार धरून लॉगबुकात एकूण सात. आता डिसेंबरात पुन्हा अंदमानला जातेय, आणि तिथले म्हणतात, याच खेपेला अ‍ॅडव्हान्स्डही करून घ्या.

नियमाची आडकाठी नाही. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्समध्ये पाच डाइव्ह, त्यांत डीप (खोल) आणि नॅव्हिगेशन (पाण्याखाली दिशा शोधणं) सक्तीच्या. मग १८ऐवजी ३० मीटरपर्यंत जाता येतं. प्रश्न माझा आहे. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं, त्या सेफ्टी स्टॉपला मला अजून दोरी धरावी लागते. सोडली की वर सरकायला लागते, मग घाबरून तरंगायच्या जॅकेटमधली हवा काढते आणि नको तितकी खाली जाते. सिलिंडरही सगळ्यांत आधी माझाच ५० बार दाबावर, म्हणजे राखीव हवेवर, येतो. मालवणच्या गढूळ पाण्यात एकदा मास्कमध्ये पाणी शिरलं तेव्हा इन्स्ट्रक्टरने हात धरला म्हणून निभावलं. ती भीती अजून गेलेली नाही.

घरचे म्हणतात, जातेच आहेस तर उरकून टाक. मला ते ‘उरकून’च नको वाटतं. पण पुण्यात बसून सराव करायचा तर स्विमिंग पूलच. तुम्ही किती डाइव्हनंतर केलात? कशावरून ठरवलंत?

प्रतिसाद

ताई, मी ओपन वॉटरनंतर बाराव्या डाइव्हला सुरू केला, पण आकड्यावर जाऊ नका. तुमची दोरीच तुम्हाला उत्तर देतेय.

३० मीटरवर दाब ४ बार, १८ वर २.८. म्हणजे तोच श्वास तिथे जवळजवळ दीडपट हवा खातो. वेळही आटतो: पॅडीच्या तक्त्यात १८ मीटरला पहिल्या डाइव्हला खाली राहायची मर्यादा ५६ मिनिटं, ३० ला फक्त २०. त्यात नायट्रोजनची गुंगी चढू शकते. तिथे तोल सांभाळण्यातच जीव अडकला तर हवेचा गेज कोण बघणार?

डिसेंबरात आधी १०-१२ मीटरच्या तीन-चार साध्या डाइव्ह घ्या. त्यातली एक निव्वळ बॉयन्सीसाठी (वर-खाली न होता पाण्यात स्थिर राहण्यासाठी) ठेवा. इन्स्ट्रक्टरला कमरेच्या पट्ट्यावरची वजनं तपासायला सांगा. नवशिक्यांच्या पट्ट्यावर बहुतेक वेळा शिसं जास्त असतं, हवा भराभर संपण्याचं तेही एक कारण. दोरी न धरता तीन मिनिटं थांबता आलं, मास्क शांतपणे रिकामा करता आला, तर त्याच सहलीत कोर्स सुरू करा. नाही जमलं तर पुढच्या वर्षी. पूलमध्ये मास्क काढून घालायचा सराव मात्र आत्तापासून करा, भीती त्यानेच जाते.

धागाकर्ती

पट्ट्यावर किती किलो होतं, हे मी कधी विचारलंच नाही! लॉगबुकातही लिहिलेलं नाही. आजच पूलवाल्यांशी बोलते.

प्रतिसाद

लिहीत जा. आणि मालवणला डाइव्ह करून त्याच दुपारी गाडीने घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. पुणंच साडेपाचशे मीटरवर आहे. रात्रभर मुक्काम करून सकाळी निघा.