मदत हवी आहे: आयएस ४५६ या कॉंक्रीटच्या कोडचं कोष्टक, हातानं केलेलं गणित आणि स्टॅड हे सॉफ्टवेअर, तिघांचे आकडे वेगळे. बीम कशावर डिझाइन करू?

बीमवाला_वर्धारोड:
नागपुरातल्या तीन मजली इमारतीतला सलग बीम आहे. ४ मीटरचे चार सारखे गाळे (दोन आधारांमधली अंतरं), बीम २३० × ४५० मिमी, बीमच्या दिशेनं कॉलम २३०. डेड लोड (कायमचं वजन) २० आणि लाइव्ह (वापराचं वजन) १० किलोन्यूटन प्रति मीटर, १.५ या सुरक्षा-गुणकानं गुणून ४५. एम२५ कॉंक्रीट, एफई५०० स्टील. मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) किलोन्यूटन-मीटरमध्ये, आधी पहिल्या आतल्या आधारावरचा आणि मग टोकाच्या गाळ्यातला:

कोष्टक १२: ७४.७ / ६४
हातानं, मोमेंट डिस्ट्रिब्युशन पद्धतीनं, सगळे गाळे भरलेले: ७७.१ / ५५.६
स्टॅड, पूर्ण फ्रेम: ६८ / ४१, शिवाय टोकाच्या कॉलमपाशी वरच्या बाजूला ३१

आधारावर कोडचा आकडा मूळ विश्लेषणापेक्षा कमी कसा? आणि गाळ्यात जास्त कसा?

समतोल:
भाऊ, ७७.१ हासुद्धा कमाल आकडा नाही. लाइव्ह लोड पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गाळ्यावर ठेवा, तिसरा रिकामा सोडा. लाइव्हचा गुणांक ०.१०७ वरून ०.१२०५ वर जातो आणि आधारावर ८०.४ येतात. कोष्टक तिथे डेडला १/१० आणि लाइव्हला १/९ धरतं, म्हणजे सुमारे ७ टक्के सूट आधीच घेऊन बसलंय. म्हणून तर कोडच्या २२.७ मध्ये बजावलंय की कोष्टक वापरलं की वरून रीडिस्ट्रिब्युशन (आधारावरचा मोमेंट कमी करून गाळ्यात वळवणं) करायचं नाही. लोक नेमकं तेच करतात.

गाळ्यातला फरकही लोड कुठे ठेवला त्याचाच. लाइव्ह पहिल्या आणि तिसऱ्या गाळ्यावर ठेवलं की ५५.६ चे ६१ होतात. कोष्टकाचे ६४ त्याच्याही वर.

आता सूट चालते का ते बघा. साध्या टेकूवरच्या बीमला मध्यात डब्ल्यू एल वर्ग भागिले ८ (डब्ल्यू म्हणजे मीटरमागचा भार, एल म्हणजे गाळा), म्हणजे ९० लागतात. ते कोणत्याही कोडनं कमी होत नाहीत. आधार आणि गाळा यांत कसे वाटायचे एवढंच आपल्या हातात. आधाराला ७४.७ दिले तर समतोलासाठी गाळ्यात ५६.५ पुरतात, कोष्टक ६४ घ्यायला लावतं. समतोल साधला आणि कुठलाही सेक्शन ताकदीबाहेर गेला नाही तर वाटप सुरक्षित. अट एवढीच, की आधारावरचा सेक्शन ठिसूळ नको. ३७.१.१ मधली मर्यादा त्यासाठीच आहे: न्यूट्रल ॲक्सिसचं गुणोत्तर (सेक्शनचा दाबातला भाग भागिले इफेक्टिव्ह डेप्थ, म्हणजे स्टीलपर्यंतची खोली) अधिक सूट ०.६ च्या आत. तुमच्याकडे इफेक्टिव्ह डेप्थ ४०० धरली तर ७७ ला ते गुणोत्तर साधारण ०.२६ येतं. भरपूर वाव आहे.

धंतोली_डिझाइन:
वरचं पटलं, पण मला काळजी त्या ३१ ची वाटते. कोष्टक १२ मध्ये टोकाच्या आधाराला गुणांकच नाही, कारण ते टोक फिरायला मोकळं धरतं. फ्रेममध्ये कॉलम बीमला धरून ठेवतो. कोष्टकावरून डिझाइन करून टोकाला वर नुसते हँगर बार (रिंगा टांगायचे बारीक बार) टाकले की कॉलमच्या तोंडाशी बीमला वरून तडा. कॉलमच्या डिझाइनमध्येही तो मोमेंट कुणी घेतलेला नसतो, ते जास्त वाईट.

दोन गोष्टी तपासा. स्टॅडचा आकडा नोडवरचा, म्हणजे कॉलमच्या मध्यरेषेवरचा आहे का? २२.६.१ प्रमाणे कॉलमच्या तोंडावरचा चालतो, ७७.१ चे तिथे ६४.८ होतात. आणि बीमला ०.३५, कॉलमला ०.७० हे ताठपणा कमी धरणारे भूकंपाचे गुणक गुरुत्वभारालाही लागलेत का? तसं असेल तर बीमच्या तुलनेत कॉलम दुप्पट ताठ झाला.

बीमवाला_वर्धारोड:
आकडे नोडवरचेच. गुणकही लागले होते. काढून चालवलं: टोकाला २२, आत ७१, गाळ्यात ४५.

समतोल:
(२२ + ७१) ÷ २ + ४५ = ९१.५. कमाल ऐन मध्यात नसते, म्हणून ९० च्या थोडं वर. जमलं.

एक विसरू नका. पाया काळ्या मातीवर असेल तर यातल्या कुठल्याच गणितात आधार खचणं नाही. दुसरा आधार ५ मिमी खाली गेला तर तडे न गेलेल्या बीमच्या हिशेबानं मधल्या आधारावर ३५ वाढतात, आणि तिथला मूळ सर्व्हिस (१.५नं न गुणलेला) मोमेंटच ३४ आहे. तडे आणि क्रीपमुळे (कॉंक्रीट भाराखाली हळूहळू वाकत जाणं) प्रत्यक्षात कमी होतील, पण आधी सॉइल रिपोर्ट बघा.

धंतोली_डिझाइन:
टोकाला वरचं स्टील ३१ साठीच ठेवा. साधारण १९० चौ. मिमी लागतं, १२ चे दोन बार पुरतात. त्यांना ५८० मिमी ॲंकरेज (कॉंक्रीटमध्ये रुतलेली लांबी) हवं आणि कॉलम २३०, म्हणजे सरळ बसणारच नाही. पलीकडच्या कव्हरपर्यंत नेऊन खाली वाकवा, वाकल्यानंतर ३०० मिमी तरी उतरू द्या. साइटवर ९० मिमीचा हूक मारून सोडतात. कॉंक्रीट ओतायच्या आधी टेपनं मोजा.