मदत हवी आहे: तितराच्या रश्शातला छर्रा पोटात गेलाय, दवाखान्यात काय सांगू?

पळसफूल
नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितेय. रेंज येईल तसं उत्तर देईन, राग मानू नका.

परवा ओळखीच्या एका माणसाने तितर आणि लावे आणून दिले, भरमार बंदुकीने मारलेले. (शिकारीला बंदी आहे हे मला ठाऊक आहे, घरात बोललेही. त्यावरून इथे वाद नको.) जेवताना मामाजींच्या दाताखाली कडक काहीतरी आलं. एक छर्रा त्यांनी थुंकला, दुसरा गिळला गेला म्हणतात. त्याच गंजातला रस्सा माझ्या सहा वर्षांच्या मुलाने खाल्ला, आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या नणंदेनेही. तिला सातवा महिना आहे.

मामाजींचं पोट दुखत नाही, जेवण-झोप ठीक. "काई होत नाई बाई, पोरपणापासून खातो आमी. पोटात गेला त निंगूनबी जाते," एवढंच म्हणतात. आत्याबाई त्यांना केळी खाऊ घालताहेत. गावात कुणी एरंडेल सुचवतंय, कुणी वैदूचं भस्म.

छर्रा खरंच आपोआप पडतो का? शिसं अंगात भिनतं का? मुलाने आणि नणंदेने काही गिळल्याचं कुणी पाहिलं नाही, तरी त्यांना तपासायचं का? आणि खरी अडचण अशी की पक्षी कुठून आला हे विचारतील म्हणून मामाजी दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. काय सांगून न्यावं?

वैनगंगाकाठ
गिळताना ठसका लागला होता का? तेव्हापासून खोकला, घरघर, दम लागणं असं काही? असेल तर छर्रा श्वासनळीत गेलेला असू शकतो. मग इथे वाचत बसू नका, आत्ताच निघा.

पळसफूल
नाही, ठसका नाही, खोकलाही नाही.

ओपीडीतला
मग धावपळ नको, पण टाळूही नका. एखाददुसरा छर्रा बहुतेकांच्या पोटातून काही दिवसांत शौचावाटे पडतो, इथवर मामाजींचं खरं आहे. अडचण तो न पडला तर होते. जठरातल्या आम्लात शिसं हळूहळू विरघळतं आणि रक्तात उतरतं. कधी कधी छर्रा अपेंडिक्समध्ये जाऊन बसतो आणि तिथे महिनोन्महिने राहतो. म्हणून पोटाचा साधा एक्स-रे काढा, ग्रामीण रुग्णालयात निघतो. शिसं त्यात पांढऱ्या ठिपक्यासारखं स्वच्छ दिसतं. त्यासाठी सोनोग्राफीवर पैसे घालवू नका.

उलटी करवू नका. एरंडेल राहू द्या. केळी खाऊ द्या, आत्याबाईंचं समाधान होईल. भस्म मात्र अजिबात नाही. नागभस्म शिशापासूनच करतात आणि वैदूच्या पुडीत काय आहे हे तुम्हाला कळणार नाही.

खरं सांगू का, मला मामाजींपेक्षा मुलाची आणि नणंदेची काळजी जास्त वाटते. गिळलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं आणि मेंदूवर परिणाम करतं. गरोदर बाईच्या रक्तातून ते वारेमार्गे बाळाकडे जातं. दोघांनी छर्रा गिळला नसेलही, पण छर्रा मांसात शिरताना त्याचा बारीक चुरा होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, दाताला लागत नाही आणि छर्रे वेचून काढले तरी मागे राहतो. त्यात रश्शाला चिंच किंवा लिंबू असेल तर आंबटात शिसं आणखी उतरतं. एका जेवणाने आभाळ कोसळत नाही, पण दोघांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. नणंदेचा पोटाचा एक्स-रे आपल्या मनाने काढू नका, तिला रक्ततपासणीच ठीक.

गावठी_वकील
वाद नको म्हणालात, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे नुसतं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. मामाजींची भीती अगदीच खोटी नाही.

ओपीडीतला
कायदा बरोबर आहे. पण उपचाराला डॉक्टरला काय हवं असतं? कोणत्या धातूचं, किती आणि कधी. ते लपवून "पोट जड वाटतं" म्हणालात तर गॅसची गोळी घेऊन घरी याल. "मांसात बंदुकीचा छर्रा होता, तो गिळला," असं सरळ सांगा. नाणं गिळलं वगैरे बनाव करू नका, तपासणीची दिशाच चुकते. तालुक्याच्या डॉक्टरांना शिशाच्या केसचा अनुभव नसेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र २४ तास फोनवर असतं: १८०० ११६ ११७. डॉक्टरांनीच तिथे बोललं तर उत्तम.

सायकलवाला
भरमारमध्ये लोक हाताला येईल ते ठासतात. सायकलच्या बेअरिंगच्या लोखंडी गोळ्यासुद्धा पाहिल्यात. थुंकलेला छर्रा आहे का? लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड, मग निदान त्या छर्ऱ्यापुरती शिशाची भीती मिटली. (पण तो पडेपर्यंत एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं, विसरायचं नाही.) चिकटला नाही, नख दाबल्यावर खूण पडली आणि कागदावर पेन्सिलीसारखी रेघ उमटली तर शिसं समजा. हात साबणाने धुवा.

पळसफूल
आत्याबाईंनी ताटलीत ठेवला होता! चिकटत नाही. नख उमटतं, रेघही ओढली जाते. म्हणजे शिसंच. हे दाखवल्यावर मामाजी थोडे नरमलेत.

लाखनीकर
उरलेली हाडं-आतडी उकिरड्यावर टाकली असतील तर कोंबड्या दूर ठेवा. पाखरं छर्रा खडा समजून गिळतात, पोटात दाण्यासोबत तो दळला जातो आणि विष होतं. कोंबडीच्या अंड्यात शिसं उतरतं ते घरच्याच ताटात येईल. पाणबदकं अशी मरतात म्हणून अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ मध्येच बंद केले.

पळसफूल
एक्स-रे झाला. खाली उजव्या बाजूला एक ठिपका आहे. डॉक्टर काही रागावले नाहीत, आठवड्याने परत बोलावलंय. तिघांचं रक्त द्यायला सांगितलंय, पण नमुना नागपूरला जाणार. त्यासाठी उपाशीपोटी राहायचं का? आणि आकडा किती आला तर घाबरायचं?

ओपीडीतला
उपाशी राहायची गरज नाही. रक्त बोटाला टोचून नको, शिरेतून घ्यायला सांगा. बोटावर लागलेलं शिसं नमुन्यात मिसळून आकडा खोटा वाढतो. सुरक्षित असा आकडा नाही. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांमध्ये ४५ किंवा जास्त आले तर शिसं बाहेर काढणारं औषध देतात, तेही दवाखान्यातच.

मामाजींचा आकडा जास्त आला तर सगळा दोष या एका छर्ऱ्यावर टाकू नका. शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि ते पोरपणापासून खाताहेत. ठिपका उजवीकडे खालीच राहिला तर अपेंडिक्सचा विचार करावा लागेल, म्हणून दुसरा एक्स-रे चुकवू नका. तोवर मुलाला आणि नणंदेला दूध, पालेभाजी, डाळ नीट द्या. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. नणंदेच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?

पळसफूल
आशाताईंनी दिल्यात, पण मळमळतं म्हणून ती लपवून ठेवते. आजपासून समोर बसवून देते.