डी.एड., बी.एड. झालेले सगळे सध्या कुठे आहात? (अनुभव धागा)

डी.एड. किंवा बी.एड. झालं की पुढे कितीतरी वर्षं लोक एकच विचारतात, "लागली का कुठं?" लागली असेल तर विषय संपला, नसेल लागली तरी संपला. मला त्याच्या पुढचं ऐकायचंय. कोण कुठे शिकवतंय, कोण दुसऱ्याच क्षेत्रात गेलं, कोणाची बदली झाली, कोण अजून तासिका तत्त्वावर (तासामागे पैसे) आहे, कोणाचं एम.एड. नाहीतर पीएच.डी. चाललंय, घरचं काय, मुलंबाळं काय, सगळं लिहा. कायम झालेल्यांनीच लिहायचं असं नाही, उलट बाकीच्यांनी आधी लिहा. शाळेचं नि संस्थेचं नाव नको, जिल्हा चालेल.

सुरुवात मी करतो. डी.एड., २००८ ची बॅच. २०१० च्या शिक्षक भरती सीईटीतून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. त्यानंतर मे २०१२ ला भरतीवर बंदी आली, डिसेंबर २०१३ ला पहिली टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली, आणि परत मोठी भरती व्हायला २०१७ ची टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) आणि पवित्र हे सरकारचं शिक्षक भरती पोर्टल यावं लागलं. माझ्यामागच्या दोन-तीन बॅचमध्ये फार हुशार पोरं होती, सराव पाठ असे घ्यायची की वर्गातली मुलं तास संपला तरी उठायची नाहीत. त्यांचं पुढे काय झालं हे मला मनापासून जाणून घ्यायचंय, धागा काढायचं कारण तेच. माझं म्हणाल तर सोलापूर जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे, मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलं, आता केंद्रप्रमुखाच्या (आसपासच्या शाळांच्या गटावरचा अधिकारी) परीक्षेचा अभ्यास चालू आहे, आणि मुलगा माझ्याच शाळेत तिसरीत आहे.

*

मी त्याच अडकलेल्या बॅचची. डी.एड. संपलं २०१२ ला, म्हणजे भरती बंद झाली आणि आम्ही बाहेर पडलो. मधली वर्षं शिकवण्या, एका नर्सरीत नोकरी, लग्न, मुलगी. मग २०१७ ची टेट दिली, २०१९ ला यादी लागली आणि थेट अमरावती जिल्हा, धारणी तालुका. माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं, घरात रडारड झाली पण सासूबाई म्हणाल्या तू जा, पोरीला मी बघते, आणि त्या एका वाक्यावर मी मेळघाटात पोचले. शिक्षणसेवक म्हणून (कायम होण्याआधीचा काळ) तीन वर्षं सहा हजार मानधनावर काढली. मी कायम झाल्यावर काही महिन्यांनी, जानेवारी २०२३ पासून, प्राथमिकचं मानधन सोळा हजार झालं. नंतरच्यांना ते मिळतंय याचा मला खरंच आनंद आहे, कारण सहा हजारात खोलीभाडं आणि गाडीचं पेट्रोल भागवताना काय होतं ते आम्ही भोगलंय.

इथे दिवाळी झाली की आईबाप कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परत येतात, होळी इथला सगळ्यात मोठा सण. मुलं सोबत जातात. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर वर्गात निम्मी मुलं दिसेनात आणि काय करावं तेच कळेना. आता मी दसऱ्यापासूनच घरोघरी जाते, ज्यांच्या घरी आजी आहे त्या आजीशी बोलते, कारण आईबापांपेक्षा आजी पटकन तयार होते हा माझा अनुभव, पोरगं राहिलं तर तिलाही सोबत होते ना. त्यासाठी इथली कोरकू भाषा शिकले, अंगणवाडीच्या ताईंकडून. ज्यांना जावंच लागतं त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून देते, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता येतं, आणि बापाच्या मोबाईलवर आठवड्यातून एकदा फोन लावते. मागच्या वर्षी एका मुलाने वीटभट्टीवरून फोनवर मला आख्खी कविता म्हणून दाखवली, मागे ट्रकचा आवाज आणि याचं आपलं चालूच. माझी मुलगी आता इथेच माझ्याजवळ असते, पाचवीत आहे, आणि कोरकू माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

*

ताई, वाचून लगेच बहिणीला पाठवलं, तिची आत्ताच गडचिरोलीला निवड झालीय.

आमचं थोडक्यात. मी सिंधुदुर्गात, नवरा नांदेडला, दोघंही जि.प. मध्ये. आंतरजिल्हा बदलीचे अर्ज वर्षानुवर्षं भरले, शेवटी पती-पत्नी एकत्रीकरणात मला नांदेड मिळालं. सेवाज्येष्ठता गेली, नव्या जिल्ह्यात यादीत सगळ्यात खाली नाव, प्रमोशन आता लांबच. तरी दुसऱ्यांदा विचारलं तरी हाच निर्णय घेईन. मुलगा संध्याकाळी बाबांची वाट बघतो आणि बाबा रोज येतात.

*

विशेष शिक्षकांना कोणी विचारत नाही म्हणून लिहितेय. मी डी.एड. विशेष शिक्षण, कर्णबधिर प्रवर्ग. आमची नोंदणी वेगळी, आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) असते, आणि ती वेळोवेळी रिन्यू करावी लागते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत आहे, एका शाळेत बसत नाही, तालुक्यातल्या शाळा फिरते.

एका शाळेत दुसरीतल्या मुलीबद्दल बाईंची तक्रार, वर्गात सारखी शिट्टी वाजवते. मी जाऊन बघितलं तर शिट्टी तिच्या श्रवणयंत्रातून येत होती. मूल वाढतं तसा कानही वाढतो, आणि कानात बसवायचा साचा जुना होऊन सैल पडतो, मग यंत्रातून बाहेर पडलेला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मुलीने वैतागून यंत्र बंदच करून टाकलं होतं आणि महिनोन् महिने ती नुसती ओठांकडे बघून शिकत होती. नवीन साचा करून घेतला, बाईंना सांगितलं की फळ्यावर लिहिताना बोलू नका, आधी लिहा, मग तिच्याकडे तोंड करून बोला. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की आता त्या सगळ्याच वर्गाला तसं शिकवतात. ती मुलगी आता सहावीत आहे, नाटकात काम करते. माझं करिअर म्हणजे हीच अशी मुलं, पदाचं नाव काही का असेना.

*

बी.एड., गणित. मी टीईटीचा पेपर एक (पहिली ते पाचवीसाठीचा) पास करून बसलो होतो, कारण २०१८ पासून बी.एड.वाल्यांना प्राथमिकला घेत होते, आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही. चार-पाच दिवस नीट जेवलो नाही. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा निकाल पटला, लहान मुलांना शिकवायचं प्रशिक्षण डी.एड.वाल्यांना असतं, आम्हाला नसतं. त्याच वर्षी आदिवासी मुलांसाठीच्या केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांची परीक्षा दिली आणि टीजीटी (सहावी ते दहावीचा शिक्षक) म्हणून लागलो, छत्तीसगडमध्ये. हिंदीतून शिकवतो, पहिले काही आठवडे लसावि-मसावि तोंडात यायचं आणि मुलं बघत बसायची, त्यांच्याकडे लघुत्तम समापवर्त्य. निवासी शाळा असल्याने रात्रीच्या अभ्यासालाही मुलांबरोबर असतो. आईवडील लातूरला एकटे असतात तेवढीच काळजी. या मे महिन्यात लग्न आहे, मुलगी पण बी.एड., विज्ञान.

*

मी शिक्षिका नाही, लिहू का? डी.एड. २०११, भरतीची वाट बघून बघून शेवटी पोलीस भरती दिली. सध्या महिलांच्या सुरक्षेसाठीच्या दामिनी पथकात आहे आणि शाळा-कॉलेजात मुलींशी बोलायला जावं लागतं. बाकीचे अधिकारी भाषण देतात, मी मात्र पाठ घेते. आधी मुलींना प्रश्न विचारते, त्यांच्याकडून उत्तरं काढते, फळ्यावर ती लिहिते, मग कायद्याचं सांगते, आणि शेवटी मदतीचा ११२ नंबर कधी लावायचा ते दोघींना पुढे बोलावून करून दाखवायला लावते. डी.एड.ला अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या आमच्या मॅडम म्हणायच्या, पाठात विद्यार्थी किती बोलले ते मोजा. अजून मोजते. वर्दीत गेलेल्या बाईसमोर मुली बोलत नाहीत असं सगळे म्हणतात, माझ्यासमोर बोलतात.

*

नक्की लिहा ताई, तुमच्यासारख्यांसाठीच तर धागा आहे. आमच्या बॅचचे दोघं तलाठी झाले, एक जण एसटीत आहे, पण असं तपशिलात कोणी सांगितलं नव्हतं.

*

बी.एड. करून विनाअनुदानित शाळेत लागलो तेव्हा संस्थाचालक म्हणाले, दोन वर्षांत अनुदान येईल. कित्येक वर्षं पगार शून्य, सकाळी शाळा, दुपारनंतर शेती आणि रात्री शिकवण्या. त्यानंतर अनुदानाचा वीस टक्के टप्पा आला. पगाराच्या वीस टक्के, म्हणजे आकडा कोणाला सांगू नये असा, पण बायकोने बँकेचा मेसेज आईला वाचून दाखवला. टप्पा वाढत वाढत गेलाय, शंभर टक्क्यांची वाट बघतोय. इतकी वर्षं फुकट राबवून घेणं हा अन्यायच आहे आणि तो मी विसरणार नाही. दहावीचा निकाल मात्र एकाही वर्षी पडू दिला नाही, माझ्या हातातून गेलेली दोन मुलं आज इंजिनिअर आहेत, एक मुलगी नर्स आहे, रस्त्यात दिसली की गाडी थांबवून बोलते.

*

वय ५०, नोकरी सत्तावीस वर्षं, आणि सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर मलाही टीईटी सक्तीची, कारण निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त आहेत, दोन वर्षांत पास व्हायचंय. आधी खूप लागलं मनाला. पण लेक डी.एल.एड.च्या (डी.एड.चंच नवं नाव) दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणाली आई आपण दोघी मिळून करू. रात्री भांडी आवरली की बसतो. बालमानसशास्त्राचा भाग ती मला समजावते, परिसर अभ्यास मी तिला. मानसशास्त्रज्ञांपैकी पियाजे मला पदविकेला होता, वायगोत्स्की नव्हता, तो आत्ता वाचला आणि वाटलं अरे हे तर मी वर्गात करतेच, हुशार मुलाला कच्च्या मुलाशेजारी बसवणं. २३ नोव्हेंबरला पेपर दिला. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, गणिताला वेळ पुरला नाही, बाकी बरा गेला. नाही झालं तर पुढची देईन, सोडणार नाही.

*

दादा, मी यावर्षी डी.एल.एड. झालो, वाचून भीती पण वाटली आणि बरं पण वाटलं. आता आधी काय करू?

*

टीईटी आणि सीटीईटी (केंद्राची टीईटी) दोन्ही दे, अभ्यास बराचसा एकच आहे आणि प्रमाणपत्र आता आजीवन चालतं, पूर्वीसारखं सात वर्षांचं नाही. टेट वेगळी परीक्षा आहे, दोनशे गुणांची, त्यात अभियोग्यतेला १२० आणि बुद्धिमत्तेला ८० गुण, दोन तासांत दोनशे प्रश्न, म्हणजे वेगाची सवय आत्तापासून लाव. पवित्रवर प्राधान्यक्रम भरताना घराजवळचेच जिल्हे भरून थांबू नकोस, लांबचेही टाक. यादी लागेपर्यंत घरी बसू नकोस, जवळच्या कुठल्याही शाळेत शिकवत राहा. आणि धारणीच्या ताईंना काही विचारायचं असेल तर विचार, त्या सांगतील.