खंड पडलेले लेखन पुन्हा सुरू करताना: आपले अनुभव

काही महिने किंवा काही वर्षे सुटलेले लेखन पुन्हा हाती घेताना नेमके कुठे अडले आणि कशाचा उपयोग झाला, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. प्रोत्साहनापेक्षा तपशील हवा आहे. सुरुवात मीच करतो.

दोन वर्षांनी अर्धवट कादंबरी उघडली, तेव्हा पहिल्या पानापासून वाचत यावे असे वाटले आणि तिथेच मी फसलो. कारण वाचता वाचता दुरुस्त्या सुरू झाल्या, चाळीस पाने घासूनपुसून लख्ख झाली, पण तीन आठवड्यांत नवी ओळ एकही लिहिली गेली नाही. शेवटी मागची दोनच पाने वाचायची आणि पुढचा प्रसंग हाताने वहीत लिहायचा, असे ठरवले. पात्रांची वये, नाती, कोणाला काय ठाऊक आहे हे मी विसरलो होतो. तिथे जागा कोरी सोडली आणि पुढे गेलो. त्या कोऱ्या जागा नंतर एका दुपारीत भरून निघाल्या.

*

बाळंतपणानंतर सलग तास मिळणे अशक्यच होते. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातील नोकरी सांभाळून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे, हे वाचून मीही पाव तासाचा गजर लावू लागले. माझे साठ-सत्तर शब्दच होत (त्याच्या मांडीवर कोणी रडत नसावे), परंतु गजर झाल्यावर वाक्य अर्धे सोडून उठण्याची सवय लागली आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरला नाही.

*

रोज लिहिण्याचा आग्रह मला मानवत नाही. मी रविवारी सकाळी चार तास बसतो आणि एरवी केवळ टिपणे काढतो. तेवढे पुरते.

*

एकवीस दिवसांत सवय लागते, असे ऐकून मी तीनदा सुरुवात केली आणि एखादा दिवस चुकला की सारे मोडले असे समजून तिन्ही वेळा सोडून दिले. लंडनमधील संशोधकांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नंतर वाचनात आला. त्यात सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले होते, व्यक्तीपरत्वे हा अंदाज १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलत होता आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नव्हते. तो अभ्यास खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींचा होता, लेखनाचा नव्हे, हे मान्य आहे. तरीही कॅलेंडरवर फुल्या मारणे मी त्यानंतर बंद केले.

*

वडील गेल्यानंतर वर्षभर मी काहीच लिहिले नाही. परतले ती कथेकडे नव्हे, पत्रांकडे. त्यांनाच उद्देशून, न पाठवायची अशी अकरा पत्रे झाली. बाराव्यात एक अनोळखी बाई बोलू लागली आणि ते पत्र राहिले नाही.