पंप उतरवण्याआधी तीन वायरी तपासा

भाऊ, जुनं वीस टनी पोकलेन मशीन घेतलंत, बूम (पुढचा मोठा हात) मधेच मंदावतो, स्क्रीनवर हायड्रॉलिक पंपाचा दाब मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरचा बिघाडाचा कोड येतो आणि मिस्त्री पंप उतरवायला सांगतोय. कृपा करून जरा थांबा, आधी मल्टिमीटर हातात घ्या.

या सेन्सरला बहुतेक मशीनांत तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. नेमके आकडे मॅन्युअलमध्ये बघा, पण साधारणपणे शून्य दाबाला ०.५ आणि पूर्ण दाबाला ४.५ व्होल्ट. म्हणजे ५०० बारच्या (बार हे दाबाचं माप) सेन्सरवर २.५ व्होल्ट आले तर २५० बार. टेस्ट पोर्टला, म्हणजे दाब मोजायच्या तोंडाला, गेज लावून ताडून बघा. दोन्ही जुळले तर सेन्सर बरोबर आहे, दाबच कमी पडतोय. ५ व्होल्टच येत नसतील तर त्या लाईनवरचे बाकीचे सेन्सर एकेक सोडवा. एक शॉर्ट झाला की सगळे बसतात.

मशीनला दोन पंप असतील आणि त्यांचे सेन्सर एकाच पार्ट नंबरचे असतील तर अदलाबदल करा. कोड सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर गेला, जागेवरच राहिला तर वायरिंग बघा. मात्र आधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून दाब पूर्ण सोडा. दाबाने अंगावर आलेलं तेल कातडीत घुसतं, हे विसरू नका.

आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात पावसाळा जोरदार. जांबोटीकडे चाललेल्या एका मशीनचा कनेक्टर उघडला तर आत तांबडा चिखल आणि सिग्नलच्या पिनवर हिरवी पूड. पिन साफ केली, रबरी सील बदललं, कोड गेला. तुमचाही कनेक्टर आजच उघडून बघा.