'हॉलिवूड' (१९८०) ही मूकपटांवरची मालिका: नेमकी कुठली प्रत घ्यावी?

निःशब्द
केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांची थेम्स टेलिव्हिजनसाठीची १३ भागांची मालिका हवी आहे. एकाकडे '३ डीव्हीडी, पूर्ण मालिका, रीमास्टर्ड' आहे, दुसरीकडे वापरलेल्या अमेरिकन लेसरडिस्क (डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकड्या). प्लेअरची सोय होईल, टीव्ही ४३ इंची ४के आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

डबेवाला_३५मिमी
त्या डीव्हीडींच्या वाटेला जाऊ नका. या मालिकेची अधिकृत डीव्हीडी किंवा ब्लू-रे निघालेलीच नाही. जुन्या चित्रपटांतल्या शेकडो तुकड्यांचे हक्क नव्याने मिळवायचे म्हणजे वकील आणि पैसा दोन्ही लागतात, गाडं तिथेच अडलंय. अधिकृत म्हणजे व्हीएचएस आणि लेसरडिस्क, बस. म्हणजे तो 'रीमास्टर' कुणीतरी घरी केलेला, बहुधा टेपवरून.

शिवाय हिशोब करून बघा. एक भाग सुमारे ५२ मिनिटांचा, १३ भागांची ६७६ मिनिटं. तीन डिस्कवर वाटली तर डिस्कमागे सव्वादोनशे. साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर सेकंदाला जेमतेम पावणेतीन मेगाबिट येतात, त्यातूनच आवाजही जायचा. टेपची खरखर एन्कोडरला (चित्र दाबून डिस्कवर बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तपशीलच वाटते, सगळे बिट तीच खाते आणि चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. एका डिस्कवर दोनच भाग ठेवले तर ६ मेगाबिट मिळतात, ते ठीक. म्हणजे १३ भागांना ७ डिस्क. तीनमध्ये कोंबलेला संच फुकट दिला तरी नको.

निःशब्द
मग लेसरडिस्कच. ती तरी चांगली असेल का?

डबेवाला_३५मिमी
व्हीएचएसच्या आडव्या २४० रेषांसमोर ४२५ च्या आसपास, म्हणजे फरक उघड दिसतो. पण एक दुखणं जाणारं नाही. मालिका ब्रिटनमध्ये सेकंदाला ५० फील्डच्या (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) प्रणालीवर बनली आणि अमेरिकन डिस्कसाठी ती ६० फील्डमध्ये बदलली. त्या बदलात शेजारची फील्ड एकमेकांत मिसळतात. कॅमेरा आडवा फिरतो तिथे पॉज करून एकेक फ्रेम पुढे न्या: दोन-दोन कडा, भुतासारखी सावली दिसेल. मूकपटांत हे जास्त खुपतं, कारण ब्राउनलोंचा सगळा आग्रहच मुळात योग्य वेगाचा. अविसिंथ या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधल्या एसरिस्टोर फिल्टरने थोडं सावरतं, पूर्ण नाही.

ब्रिटिश प्रसारणावरून घेतलेली ५० फील्डची प्रत सापडली तर तीच उजवी, रेषा कमी असल्या तरी.

कोंब_फिल्टर
वरच्याला +१. कॅप्चर करताना, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरवर उतरवताना, लोक नेमकी एक गोष्ट उलटी करतात. प्लेअरला एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळे नेणारी जोडणी) दिसला की तोच लावतात. लेसरडिस्कवर सिग्नल मुळातच कंपोझिट असतो, म्हणजे रंग आणि उजेड एकत्र. एस-व्हिडिओ घेतला की प्लेअरमधला जुना कोंब फिल्टर रंग वेगळा करतो. पिवळी आरसीए वायर लावा आणि कॅप्चर कार्डाचा थ्रीडी कोंब फिल्टर वापरा.

तरीही चौकड्यांचा कोट, जाळी अशा बारीक नक्षीवर इंद्रधनुष्य दिसेलच. कृष्णधवल तुकड्यापुरतं सॅच्युरेशन शून्य करा. अख्ख्या भागाचं करू नका! मुलाखती रंगीत आहेत आणि टिंट केलेले तुकडे निळ्या-पिवळ्या छटेचेच हवेत.

डिस्क घेण्याआधी विक्रेत्याला एखादा गडद प्रसंग लावून व्हिडिओ पाठवायला सांगा. अंधारात रंगीत ठिपके सतत लुकलुकत असतील तर लेसर रॉट, डिस्कच्या आतला थर सडतोय. पुसून जात नाही.

निःशब्द
५० फील्डची प्रत मिळालीच तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं डीइंटरलेस (फील्डच्या पूर्ण फ्रेम करणं) चालेल?

डबेवाला_३५मिमी
नाही, इथेच घोळ होतो. सेकंदाला १८ फ्रेमचा मूकपट ५० फील्डमध्ये बसवला की एक फ्रेम कधी तीन फील्ड टिकते, कधी दोन. २५ फ्रेमवर आणलं की चाल लंगडते. डीइंटरलेसमध्ये ब्वडिफ हा फिल्टर आणि प्रीसेट बॉब (प्रत्येक फील्डची एक फ्रेम) निवडा, फ्रेमरेट ५० ठेवा. तिथे २५ राहिलं तर बॉबने केलेलं अर्धं काम फेकलं जातं. वेळ असेल तर अविसिंथमधला क्यूटीजीएमसी फिल्टर, निकाल जास्त स्वच्छ, पण मशीन रात्रभर रडतं. क्रॉप करून १६:९ तर अजिबात नको, डोकी उडतात.

टीव्हीवर मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवणं) बंद, शार्पनेस अगदी खाली.

सुलेखा_पुणे
हे सगळं जमेपर्यंत याच जोडीची 'अननोन चॅप्लिन' (१९८३, ३ भाग) आणि 'सिनेमा युरोप' (१९९५, ६ भाग) बघा, दोन्ही अमेरिकेत अधिकृत डीव्हीडीवर आल्या. त्या रीजन १ च्या (रीजन म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल त्याचं कुलूप) असतील तर आपले प्लेअर रीजन ५, तेव्हा मल्टीरीजन प्लेअर लागेल.

घरचं काही हवं असेल तर पुण्याच्या फिल्म अर्काइव्हचे संस्थापक पी. के. नायर यांच्यावरचा शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२). तो १६४ मिनिटांचा. पॅल (५० फील्डच्या प्रणालीच्या) डिस्कच्या मागे १५७ लिहिलेलं दिसलं तर लगेच कापाकापीची शंका घेऊ नका. २४ फ्रेमची फिल्म २५ ने चालवली की तेवढीच भरते. सूर मात्र अर्ध्या स्वरापेक्षा जरा कमी इतका चढतो, गाण्याचा कान असेल तर कळतं.

निःशब्द
डीव्हीडी रद्द. आधी विक्रेत्याकडून गडद प्रसंगाचा व्हिडिओ मागवतो, मग ठरवतो. कॅप्चर कार्डाचा प्रश्न घेऊन परत येईन.